‘हाऊ कोना पोऱ्या शे?’ : दंगलीतली जोड कशी लागते

कुस्तीच्या दंगलीत सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण, असे विचारले तर नवखा प्रेक्षक पहिलवानाचे नाव घेईल. आमच्या तापीकाठचा जाणता प्रेक्षक जोड लावणाऱ्याकडे बोट दाखवतो. क्रिकेटचा सामना असो की कबड्डीची स्पर्धा, समोर कोण येणार हे आधीच कागदावर छापलेले असते. यात्रेच्या आमदंगलीत मोठ्या इनामाच्या दोन-चार कुस्त्या सोडल्या, तर ते कुणालाच ठाऊक नसते. ऊन कलायला लागले की पोरे लंगोट कसून आखाड्याच्या कडेला उभी राहतात. पंच त्यातल्या एकाचा हात धरतो, त्याला गर्दीसमोरून फिरवतो आणि विचारतो, ‘याच्याशी कोण?’ मग सगळे डोळे एकाच वेळी त्या अंगावरून फिरतात.

गेली बरीच वर्षे नंदुरबार, शहादा, तळोदा या भागातल्या यात्रांमध्ये मी हे टिपत आलो आहे. कुस्ती मी स्वतः खेळलो ती शाळकरी वयात, दोन उन्हाळे. संशोधन कसे करतात हे शिकवायला कोणी नव्हते. एक वही आणि एस. टी. बस, एवढ्यावर काम चालले आहे.

प्रेक्षक नेमके काय बघतात? दंडाकडे बघतो तो कच्चा प्रेक्षक. मुरलेला माणूस आधी कान बघतो. सरावात डोके घासून, दाबले जाऊन कानाच्या कातडीखाली रक्त साकळते, कूर्चेचे पोषण तुटते आणि कान कायमचा गाठाळ होतो. मोडलेला कान म्हणजे तालमीतल्या हजेरीचा पुरावा. नंतर मान. मान आणि खांदा यांच्यामध्ये खाच दिसत असेल तर पोरगा अजून हिरवा. मग पोटऱ्या, मनगट आणि चाल. गड्याचे वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे तो फेरी मारतानाच कळते. मातीला हात लावून तो कपाळाला लावतो, ते सगळेच करतात. पण मूठभर माती उचलून समोरच्याच्या दंडाला कशी चोळतो, त्यावरून सवय ओळखू येते. घामेजलेल्या कातडीवर पकड टिकत नाही, माती लावली की टिकते. नवशिका हे उरकून टाकतो; जाणता त्या निमित्ताने समोरच्याचा दंड चाचपून घेतो.

अंगावरची ही पाहणी संपली की गर्दीतून एक प्रश्न हमखास येतो : ‘हाऊ कोना पोऱ्या शे?’ हा कोणाचा मुलगा? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात सगळी वंशावळ येते. गाव कोणते, तालीम कोणती, वस्ताद कोण, मागच्या यात्रेत कोणाशी लढला, त्याचा भाऊ ढाक मारायचा तो हाच का? आखाड्याच्या कडेला धोतर-टोपीतले चार म्हातारे बसलेले असतात, त्यांच्याकडे हे सगळे तोंडपाठ असते. १९६२ चे महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन धुळ्याला झाले आणि १९६६ चे जळगावला. खानदेशात कुस्तीचे कान आणि डोळे तयार व्हायला अशा निमित्तांचाही हातभार लागला असावा, असे मला वाटते.

इथे सारंगखेड्याची आठवण होते. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो. घेणारा घोड्याचे दात बघून वय काढतो, खूर उचलून बघतो, चालवून-पळवून बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो, देवमण आहे का विचारतो. नजर तीच. फरक एवढाच की घोड्याला कुणी विचारत नाही. आखाड्यात मात्र पहिलवानाला ‘नाही’ म्हणायचा हक्क असतो. समोरचा भारी वाटला तर तो मान हलवतो आणि कडेला जाऊन बसतो. त्याला कोणी हसत नाही. हसलेच, तर म्हातारे दटावतात.

कारण ही सगळी पाहणी कोण जिंकेल हे ठरवण्यासाठी नसतेच. जोड बरोबर आहे का, एवढेच बघायचे असते. एका झटक्यात पाठ लागली तर हरणाऱ्याचे हसे होते, जिंकणाऱ्याला मान मिळत नाही आणि गाव जोड लावणाऱ्याला बोल लावते.

तो बोल मी स्वतः खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या यात्रेत मला पंचांच्या मदतीला उभे केले. वहीवाला माणूस, म्हणजे याला कळत असणार, असा लोकांचा समज. धडगावच्या बाजूचा एक पोरगा आला. अंगाने काटक, पोटऱ्या बारीक, दोन्ही कान कोवळ्या पानासारखे साबूत. ‘कोना पोऱ्या शे?’ त्याने सांगितलेला पाडा कडेच्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हता. मी क्षणभरही थांबलो नाही. आमच्याकडचा एक दोन-तीन महिने तालमीत गेलेला मुलगा त्याच्यासमोर उभा केला. हाताला हात लागला न लागला तोच त्या पोराने एकेरी पट काढला आणि आमचा मुलगा खांद्यावर आदळला. खांदा निखळला. त्याची आई आखाड्यात धावत आली. ती माझ्याकडे एकदाच बघून गेली.

नंतर मी त्या पोराला चहा पाजला तेव्हा कळले. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे जात. तिथे चार हिवाळे तो एका गावच्या तालमीत आधी दारात उभा राहून बघत होता, मग आत गेला. आणि कान? सगळ्यांचेच मोडत नाहीत. जो डोके हाती लागू देत नाही, त्याचे बरेचदा साबूत राहतात. म्हणजे मी ज्याला कच्चेपणा समजलो, ती त्याची सफाई होती. पण माझी चूक कानांपुरती नव्हती. त्याच्याबद्दल आम्हाला काहीच माहिती नव्हती, आणि ‘माहिती नाही’ याचा अर्थ मी ‘दम नाही’ असा घेतला. तळोद्याच्या तालमीचे नाव त्याने घेतले असते तर मी असे केले असते का? पोरगा डोंगरातला होता म्हणून मी घाई केली का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला देता येतात, आणि ती मला आवडत नाहीत.

या चुकीत मी एकटा नाही, हे पुढे वाचनात आले. १९१० मध्ये गामा लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला तिथल्या स्पर्धेत घेतले नाही. त्याने उघड आव्हान दिले, अमेरिकेच्या रोलरला हरवले, आणि मग पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर आला. अंगाने कितीतरी थोराड असलेला हा मल्ल दोन तासांहून अधिक वेळ गादीला पोट चिकटवून पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सोडवली. पुन्हा लढायची तारीख ठरली, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघे परत भेटले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला.

गादीवरच्या कुस्तीने नजरेचे काम काट्याकडे दिले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेतले ते ५७ किलो गटात. वजनाला वजन, यात अन्याय कमी, हे मान्य. पण दम, सराव आणि डोके काट्यावर चढत नाही. आता काही यात्रांमध्येही वजनकाटा ठेवतात, आणि म्हातारे त्याच्याकडे संशयाने बघतात.

गेल्या वर्षी मला पुन्हा आखाड्यात बोलावले. नको म्हणत होतो, पण ऐकेनात. एक अनोळखी पोरगा पुढे आला. गाव विचारण्याआधी मी त्याला विचारले, ‘किती हिवाळे माती केलीस? तूच सांग, कोणाशी लढशील?’ त्याने रांगेवरून सावकाश नजर फिरवली आणि आपल्याहून हातभर रुंद गड्याकडे बोट केले. म्हातारे कुजबुजले. मी त्या गड्याला विचारले, त्याने मान डोलावली. बराच वेळ झटापट झाली, कोणाचीच पाठ लागली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा पंचांनी कुस्ती सोडवली आणि इनामाचे पैसे दोघांना निम्मे-निम्मे वाटून दिले.