अंधार ओळखणारा दिवा
गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्यात दिवेलागणीला घरोघरी बटणे दाबली जातात. बटणाला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. संध्याकाळ मात्र हळूहळू उतरते. हे ‘हळूहळू’ ज्याला कळते ते अॅनालॉग सर्किट, आणि ते पोरांना घरच्या टेबलावर जोडता येते.

नऊ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एलईडी, दोन रेझिस्टर आणि उजेडात ज्याचा रोध घटतो तो एलडीआर, एवढेच सामान. एक लाख ओहमचा रेझिस्टर धन टोकापासून बेसला, एलडीआर बेसपासून ऋण टोकाला. एमिटरही ऋणालाच. धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये एलईडी, सोबत ४७० ओहम. हा ४७० गाळाल तर एलईडी गेलाच म्हणून समजा! हिशेब तोंडी होतो: नवातून एलईडीचे दोन वजा, उरलेल्या सातांना ४७० ने भागा, सुमारे पंधरा मिलिअँपिअर.

उजेडात बेसचा प्रवाह एलडीआरमधून परस्पर निसटतो. अंधारात ती वाट अरुंद होते, बेसवर ०.६ व्होल्टच्या आसपास साठले की दिवा लागू लागतो.

विज्ञान प्रदर्शनात विकतचा तयार संच मांडणाऱ्या पालकांचा मला राग येतो. पोराने एलडीआरवर हात धरावा, बोटे हळूच फाकवावीत, दिवा मंदावताना पाहावा. मग एक लाखाच्या जागी दोन लाख वीस हजार ओहम लावावा. आता दिवा उशिरा लागेल. किती उशिरा, ते अंगणात घड्याळ घेऊन बसायचे.