रोमन नाण्यांचा संग्रह : आरंभीची काही पथ्ये

वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४० चा ताम्रपट उपलब्ध झाला. त्यात दान दिलेले गाव नागपूर-नंदिवर्धन विषयातील आहे, असे त्या पटातच नमूद आहे. लेखातील स्थळ एक आणि पट सापडला ते स्थळ दुसरे. ‘देवळी’ हे नाव पटाला चिकटले ते उपलब्धीची नोंद राहिली म्हणून. ताम्रपटाचा मजकूर विस्तृत असतो. त्यामुळे ही नोंद हरवली असती तरी अभ्यासकाच्या हाती बरेच काही उरले असते. नाण्याची स्थिती याहून वेगळी आहे. त्यावरील लेख मोजक्या शब्दांचा, आणि रोमन नाणे भारतात कोठे आले, कोणाच्या हाती होते, याविषयी तर ते पूर्णपणे मुके असते. सबब, रोमन नाण्यांचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने पहिले पथ्य पाळावयाचे ते हे : नाण्याइतकेच त्याच्या उपलब्धिस्थानाला जपावे.

रोमन नाणी भारतात विपुल प्रमाणात आली, हे सुविदित आहे. भारताशी चालणाऱ्या व्यापारापायी साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केली. ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदरात येणाऱ्या मालात सोन्या-चांदीच्या रोमन नाण्यांचा समावेश असून, पैठण व तगर (तेर) या दख्खनच्या बाजारपेठांचाही उल्लेख आहे. तथापि नाण्यांचे मोठे निधी मिळाले ते मुख्यतः दक्षिण भारतात. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण अल्प आहे. क्षत्रप व सातवाहन यांची स्वतःची नाणी येथे चालत असल्यामुळे परकी चांदी वितळविली गेली असावी, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. अर्थात दख्खनमध्ये मिळालेल्या एकेका रोमन नाण्याचे मोल त्यामुळेच वाढते.

निधी अखंड पाहावयास मिळाला म्हणजे काय साधते, हे तीन उदाहरणांवरून ध्यानी येईल. पुदुकोट्टई येथील निधी १८९८ मध्ये प्रकाशात आला. त्यात ५०१ सुवर्णनाणी होती आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव होता. असे एकच नाणे मिळते तर तो अपघात मानला गेला असता. शेकडो मिळाल्यामुळे तो हेतुपुरस्सर ठरला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक रौप्यनाणी मिळाली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. सत्तांतराचा इतका सुस्पष्ट पुरावा सुट्या नाण्यांतून मिळाला नसता. तिसरे उदाहरण विदर्भातीलच आहे. तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा निधी मिळाला. वा. वि. मिराशी यांनी त्याचे संपादन केले, आणि कुंभ, कर्ण व शक हे पुराणांच्या वंशावळींत नसलेले सातकर्णी राजे इतिहासास ज्ञात झाले. तो निधी बाजारात विखुरला असता तर हे राजे कदाचित अज्ञातच राहिले असते.

नवशिक्या संग्राहकाने दुसरे पथ्य पाळावे ते वाचनाचे : खरेदीपूर्वी लेख वाचावयास शिकावे. रोमन लेख संक्षेपांचे बनलेले असतात. पण संक्षेप थोडे व ठराविक आहेत. भारतात वारंवार मिळणाऱ्या टायबेरियसच्या रौप्यनाण्यावर पुरोभागी ‘टायबेरियस सीझर ऑगस्टस, दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ आणि पृष्ठभागी आसनस्थ स्त्रीमूर्तीभोवती ‘महापुरोहित’ एवढाच आशय असतो. ‘दिव्य’ या अर्थाचा मूळ लॅटिन शब्द ‘दीवुस’ हा संस्कृत ‘देव’ शब्दाचा सगोत्र आहे. भाषाभ्यासकास येथे आणखी एक भेद दिसेल. रोमन सम्राटाचे नाव सामान्यतः प्रथमेत येते. उलट सातवाहन नाण्यावर ‘रञो गोतमिपुतस’ असा षष्ठीचा प्रयोग असतो. ग्रीक राजांची नाणीही षष्ठीच वापरीत. म्हणजे मुखचित्राचे वळण रोमकडून आले तरी लेखाची व्याकरणपद्धती त्याच वाटेने आली असे मानता येत नाही. शब्दांचा प्रवासही असाच वाकडा आहे. ‘दिनारियस’ हे रोमन रौप्यनाणे. त्यापासून आलेला ‘दीनार’ शब्द गुप्तकालीन लेखांत सुवर्णनाण्यास लावलेला आढळतो. ग्रीक ‘द्राख्मे’पासून ‘द्रम्म’ आणि त्यापासून मराठीतील ‘दाम’ झाला.

तिसरे पथ्य क्षेत्र मर्यादित ठेवण्याचे. सर्व सम्राटांची नाणी जमविण्याच्या हव्यासात ज्ञान थोडे आणि खर्च फार. चौथ्या शतकातील, कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची लहान ताम्रनाणी तुलनेने स्वस्त मिळतात. त्यांवर टांकसाळीची खूण असल्यामुळे वर्गीकरणाचा सराव होतो. एक सम्राट किंवा एक टांकसाळ घेऊन आरंभ करणे इष्ट.

चौथे पथ्य परीक्षेचे. ऑगस्टसच्या काळी दिनारियसचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम होते. नीरोने इसवी सन ६४ च्या सुमारास ते सुमारे ३.४ ग्रॅमवर आणले. भारतीय निधींत नीरोपूर्व चांदीचेच प्राबल्य आहे, हे येथे लक्षणीय. ओतून केलेल्या नकली नाण्याचे वजन बहुधा जुळत नाही, त्याच्या कडेस सांध्याची रेघ आणि पृष्ठावर बुडबुड्यांचे खळगे दिसतात. ताम्रनाण्यावर चढलेला हिरवट थर चिंच वा आम्ल लावून काढू नये. त्याबरोबर अक्षरेही जातात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटापेक्षा कागदी पाकीट बरे. त्यावर वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे लेख, कोठे व केव्हा मिळाले आणि कोणाकडून घेतले, एवढे नोंदवावे. स्थान अज्ञात असेल तर ‘अज्ञात’ असेच लिहावे. विक्रेत्याच्या तर्काला नोंदीचा दर्जा देऊ नये.

शेवटचे पथ्य कायद्याचे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, मूल्य, स्थळ व दिनांक जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू होय. तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. अभ्यासक ज्या स्थळ-दिनांकाची अपेक्षा करतो, तीच नोंद कायदाही मागतो.

वर्ध्याजवळील पवनार येथे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. तेथे प्रत्येक वस्तू तिच्या थरासह नोंदली गेली. नांगराखाली वा विहीर खणताना निघालेल्या नाण्यास असा थर लाभत नाही. त्याला गावाचे नाव तरी लाभावे. देवळीच्या परिसरात असे एखादे नाणे निघाले आणि ते सराफाच्या मुशीत न जाता नोंदीसह संग्रहालयात पोहोचले, तर रोमशी झालेल्या व्यापाराच्या नकाशावर विदर्भातील एक बिंदू निश्चित होईल. ते विकत घेऊन डबीत ठेवणाऱ्या संग्राहकाच्या हाती मात्र धातूचा एक तुकडाच राहील.