सौर पॅनेलची हमी : ‘पंचवीस वर्षे’ म्हणजे नेमके काय?

घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. एक किलोवॉटसाठी ३० हजार, दोन किलोवॉटसाठी ६० हजार आणि तीन किलोवॉट वा त्याहून अधिक क्षमतेसाठी ७८ हजार रुपये अशी अनुदानाची तरतूद तिच्यात झाली आणि अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपली शिल्लक या कामी लावली. खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या कानावर एकच वाक्य पडते : ‘पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे, काळजी नको.’ हे वाक्य असत्य नाही. पण ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणाची किंमत कुटुंबालाच मोजावी लागते.

एका यंत्रणेच्या तीन हमी

पॅनेलला दोन स्वतंत्र हमी असतात. पहिली उत्पादनाची. काच, चौकट, मागील जोडपेटी यांत निर्मितीचा दोष निघाल्यास ती लागू होते. तिची मुदत बहुधा १० ते १२ वर्षांची असते. दुसरी कामगिरीची, आणि ‘पंचवीस वर्षे’ ती हीच. मुदतीअखेर पॅनेलची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांखाली जाणार नाही, एवढेच ती सांगते. म्हणजे ५४० वॉटचे पॅनेल पंचविसाव्या वर्षी ४३२ वॉट देत असेल, तर कंपनीने शब्द पाळला असेच मानले जाते.

ही क्षमता मोजायची ती प्रयोगशाळेच्या अटींवर, पॅनेलमधील घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून. चैत्र-वैशाखात आपल्या गच्चीवर हे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते आणि दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. म्हणून भर दुपारी दहा-बारा टक्के वीज कमी दिसली, तर तो दोष नव्हे. चांगल्या सिलिकॉन पॅनेलची झीज मंद असते. वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

तिसरी हमी इन्व्हर्टरची, आणि खरी कसोटी येथेच लागते. पॅनेलमध्ये हलणारा भाग नाही. इन्व्हर्टर मात्र दिवसभर तापतो आणि रात्री निवतो. त्यातील कपॅसिटर उष्णतेने लवकर थकतात. त्याची हमी बहुधा पाच ते दहा वर्षांची असते. पंचवीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा बदलावा लागेल, हे गृहीत धरून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

विजेच्या जाळ्याशी जोडलेला इन्व्हर्टर बंद पडला, तरी घरातील दिवे चालूच राहतात. त्यामुळे बिघाड कळतो तो महिन्या-दोन महिन्यांनी, वाढलेले बिल हाती आल्यावर. आठवड्यातून एकदा मोबाइलवरील किंवा इन्व्हर्टरच्या पडद्यावरील युनिटचा आकडा पाहिला, तर हे नुकसान टळते. तीन किलोवॉटच्या यंत्रणेने स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण बारा युनिट द्यावेत. चातुर्मासातील ढगाळ दिवसांत ते कमी होणारच.

जयणा हीच देखभाल

इन्व्हर्टर उन्हात न ठेवता सावलीत, हवेशीर भिंतीवर बसवावा. केबलची छिद्रे घट्ट बंद असावीत. उबेसाठी मुंग्या आणि पाली आत शिरतात. त्यांचाही जीव जातो आणि यंत्रही जळते. येथे जयणा आणि यंत्राची निगा एकच होतात. पॅनेल सकाळी वा सायंकाळी, मऊ फडक्याने व बेताच्या पाण्याने पुसावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग राहतात, तेही टाळावे.

कागद कोणता, कोणाचा?

हमी ही देणाऱ्याच्या आयुष्याएवढीच असते. अमेरिकेतील सनपॉवर ही १९८५ मध्ये स्थापन झालेली नामांकित कंपनी; तिनेही ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून किमतीआधी कंपनीचा पूर्वेतिहास आणि भारतातील सेवाव्यवस्था पाहावी.

करारापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. हमीची मुदत बिलाच्या तारखेपासून धरली जाते की कारखान्यातून माल निघाल्यापासून? सदोष पॅनेल उतरविणे, पाठविणे व पुन्हा बसविणे यांचा खर्च कोणाचा? बदली वस्तू मिळेल की झिजेच्या प्रमाणात रक्कम? हमीसाठी कंपनीकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते का, आणि ती कोणी करायची? प्रत्येक पॅनेलचा व इन्व्हर्टरचा अनुक्रमांक, पक्के बिल आणि हमीपत्र एकाच धारिकेत ठेवावे. पंचवीस वर्षांनी ती धारिका कदाचित मुलांनाच उघडावी लागेल.

सूर्यघर योजनेत काम करणाऱ्या विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. ती हक्काने मागावी. दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते.

आपल्या समाजात घेणारे आहेत तसे विकणारेही आहेत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. म्हणजे एक दाखवून दुसरे देणे. इन्व्हर्टरची हमी पाच वर्षांची असताना सगळ्या यंत्रणेला पंचवीस वर्षे सांगणे त्याहून फार दूर नाही. विक्रेत्याने तिन्ही मुदती बिलावर वेगवेगळ्या लिहून द्याव्यात आणि ग्राहकाने त्या वाचूनच सही करावी. एवढे झाले, तरी पुढची बरीच भांडणे उद्भवणारच नाहीत.