पावणेतीन म्हणजे किती?

आमच्या मंडळाची मराठी शाळा दर रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा भरते. न्यू जर्सीतल्या एका प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या आणि कॅफेटेरिया आम्हाला भाड्यानं मिळतो. माझा वर्ग कॅफेटेरियात असतो. वय वर्षं नऊ ते अकरा, एकूण सतरा मुलं. मी काही पेशानं शिक्षिका नाही. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. मुलगी लहान असताना तिला सोडायला शाळेत यायचे. एकदा एक शिक्षिका आजारी पडल्या, म्हणून फळ्यापुढे उभी राहिले. मुलगी आता कॉलेजात आहे, मी अजून फळ्यापाशीच आहे. या अकरा वर्षांत मुलांना सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "समजलं का?" आणि सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर, "हो मावशी."

आपल्यापैकी जे कुणी मराठी शाळेत शिकवतात, त्यांना हे "हो मावशी" चांगलंच ओळखीचं असेल. मुलं खोटं बोलतात असं नाही. मावशीला वाईट वाटू नये असं त्यांना वाटतं, शेजारच्यापुढे आपण मागे आहोत हे दिसू नये असंही वाटतं. ज्यांच्या घरी आजी-आजोबा राहतात अशी दोन-तीन मुलं भराभर उत्तरं देतात, बाकीची माना डोलावतात आणि मी पुढच्या धड्याकडे वळते. ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला "चालतंय ना?" एवढंच विचारून मी सही केली असती, तर माझी नोकरी कधीच गेली असती. वर्गात मात्र मी वर्षानुवर्षं तेच करत होते.

यावर उपाय म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक ऑनलाइन प्रश्नमंजूषा वर्गात आणली. पडद्यावर प्रश्न, मुलांच्या हातात टॅब्लेट, मागे संगीत आणि प्रत्येक प्रश्नानंतर कोण पहिला, कोण दुसरा याची यादी. पहिल्या दिवशी नुसता जल्लोष. पालकही खूश. पण चौथ्या रविवारी एक मुलगा टेबलावर डोकं टेकून बसला तो उठेचना. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "तो म्हणतो, मला सगळ्यांसमोर मराठी येत नाही असं दाखवतात, मी जाणार नाही." यादीत त्याचं नाव दर वेळी तळाला येत होतं. त्याला वाचता येत होतं, पण सावकाश. तो खेळ उत्तराच्या वेगालाही गुण देत होता आणि ही गोष्ट आधी माझ्या लक्षातच आली नव्हती. तो मुलगा परत आला, पण त्यासाठी मला दोनदा त्याच्या घरी जावं लागलं.

माझी बहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, तू परीक्षाच घेत होतीस, फक्त संगीत लावून. आम्ही काय करतो सांगू? पाटीवर उत्तर लिहायला सांगायचं आणि 'पाट्या वर' म्हणायचं. एका नजरेत कळतं कुणाला काय येतंय. त्याला गुण नाहीत, काही नाहीत."

तिनंच मला 'आकारिक मूल्यमापन' हा शब्द दिला. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये २०१० च्या शासन निर्णयापासून आकारिक आणि संकलित असे मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. मुळात हा भेद मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकानं १९६७ साली मांडला. शिकणं चालू असताना, सुधारणेला वाव असताना जी पारख होते ती आकारिक. शिकून झाल्यावर जी होते ती संकलित. रॉबर्ट स्टेक यांनी हा फरक सुपाच्या उदाहरणानं समजावला होता. स्वयंपाक्यानं चाखून बघणं हे पहिलं, पाहुण्यांनी चाखणं हे दुसरं. आपण आमटी म्हणू या. उकळत असताना पळीभर चाखली तर मीठ घालता येतं. पानात वाढल्यावर फक्त नाव ठेवता येतं किंवा वाखाणता येतं. आमच्या शाळेची वर्षअखेरची परीक्षा म्हणजे पानातली आमटी. मला पळी हवी होती.

सतरा पाट्या आणण्याऐवजी मी प्लिकर्स नावाचं साधन निवडलं. यात मुलांच्या हातात कुठलंही यंत्र नसतं, फक्त कागदाचं एक कार्ड असतं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र असतं आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलानं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते माझ्या फोनवर दिसतं. प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं असल्यामुळे शेजारच्याला ते वाचता येत नाही. वेगाला महत्त्व नाही, यादी नाही, संगीत नाही. प्रश्न देवनागरीत टाइप करता येतात. अमेरिकेत तेरा वर्षांखालील मुलांची ऑनलाइन माहिती गोळा करण्यावर १९९८ च्या कायद्याची बंधनं आहेत, म्हणून मी मुलांची आडनावं वगैरे काहीच भरली नाहीत. कोणतं कार्ड कुणाचं, ते माझ्या वहीत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी कार्डं पहिल्यांदा वाटली. सवय व्हावी म्हणून मुद्दाम सोपा प्रश्न घेतला. घड्याळाचा धडा तीन आठवड्यांपूर्वी झाला होता, "समजलं का?" विचारून झालं होतं, "हो मावशी" ऐकून झालं होतं. प्रश्न होता, "पावणेतीन म्हणजे किती वाजले?" उत्तरांचे पर्याय २:४५, ३:१५, ३:४५ आणि २:१५.

सतरांपैकी पाच जणांचं उत्तर बरोबर आलं.

आधी मला वाटलं, कार्डं उलटी धरली असतील. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी सतरांत चार जणांचं बरोबर येऊ शकतं. म्हणजे माझ्या तीन आठवड्यांपूर्वीच्या धड्याची कमाई जवळजवळ शून्य होती.

पण खरी गंमत चुकीच्या उत्तरांत होती. नऊ मुलांनी ३:१५ निवडलं होतं. त्यांचा विचार सरळ होता. सव्वातीन म्हणजे तिनाच्या पुढे, साडेतीन म्हणजे तिनाच्या पुढे, मग पावणेतीनही पुढेच असणार आणि पाव म्हणजे पंधरा मिनिटं. दोघांनी ३:४५ म्हटलं होतं. त्यांना पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे माहीत होतं, ते त्यांनी तिनात मिळवलं. एकीनं २:१५ म्हटलं होतं. मागे जायचं हे तिला कळलं होतं, किती ते नाही. यातलं एकही उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. मीच त्यांना पावणे हा शब्द पाठ करायला दिला होता, तो फोडून दाखवला नव्हता.

मग ठरवलेला धडा बाजूला ठेवला. कागदाच्या तीन गोल भाकऱ्या कापल्या. तीनपैकी एकीचा पाव भाग कावळ्यानं नेला. किती उरल्या? तिनाला पाव उणे, म्हणून पावणेतीन. एका भाकरीला पाव उणे, ती पाऊण. मग सगळ्यांनी आपापल्या कागदी घड्याळात काटे फिरवले. वीस मिनिटांनी प्रश्न बदलून विचारला, "पावणेसहा म्हणजे किती?" चौदा बरोबर. उरलेली तिघं कोण हे मला फोनवर दिसत होतं, वर्गाला नाही. बाकीची मुलं लिहीत असताना तिघांना जवळ घेऊन बसले.

त्या तिघांत एक दहा वर्षांची मुलगी होती. वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"मावशी, पावणेआठ म्हणजे सेव्हन फॉर्टीफाइव्ह? एट फिफ्टीन नाही?"

"सेव्हन फॉर्टीफाइव्ह. का गं?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजीनं सांगितलं होतं, सॅटरडेला पावणेआठला फोन कर. मी करते. आजी उचलतच नाही."

हळूहळू सगळं कळलं. तिची आई नर्स आहे, शनिवारी सकाळी ड्यूटीवर असते. वडील मराठी नाहीत. आजी सांगलीला एकटी राहते, तिच्याकडे अजून जुना लँडलाइन आहे आणि तिकडून इकडे फोन लावणं तिला जमत नाही. इथले सकाळचे पावणेआठ म्हणजे तेव्हा तिथले संध्याकाळचे सव्वापाच. साडेपाचला आजी देवळात जायला निघते. ही मुलगी फोन करायची सव्वाआठला, म्हणजे तिथे पावणेसहाला. चार शनिवार रिकाम्या घरात फोन वाजत राहिला होता. आजीला माझ्याशी बोलायचं नसेल, असं मानून ती गप्प बसली होती. आईला वाईट वाटेल म्हणून आईलाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती आली ती धावतच. "मावशी, आजीनं उचलला!" आजी दर शनिवारी सव्वापाचला फोनजवळ खुर्ची घेऊन बसत होती आणि वाट पाहून निघत होती. पोरगी आता मोठी झाली, तिला वेळ नसेल, अशी तिनं आपली समजूत घालून घेतली होती.

मी त्या रात्री हिशेब केला. घड्याळाचा धडा झाल्या झाल्या हा एक प्रश्न कार्डांवर विचारला असता, तर त्या चार शनिवारांतले तीन तरी वाचले असते. तिला मराठी येत नव्हतं असं नाही. तिला काय कळलंय हे मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी दोन किंवा तीन प्रश्न, जास्त नाहीत. चुकीचे पर्याय मी आता बरोबर पर्यायापेक्षा जास्त विचार करून लिहिते. प्रत्येक चुकीच्या उत्तरातून मूल काय समजून बसलंय ते कळायला हवं, नाहीतर तो पर्याय वाया. 'परवा आजी येणार' आणि 'परवा आजी आली' यांतला परवा कोणता, हे विचारल्यावर कळलं की बहुतेक मुलं क्रियापदाकडे बघतच नाहीत, परवा म्हणजे पुढचाच दिवस धरून चालतात. उलट, मी वेळ आणि वेल, काळ आणि काल असे शब्द मोठ्यानं म्हटले आणि लिहिलेला शब्द ओळखायला सांगितलं, तर सतराच्या सतरा बरोबर. ळ त्यांच्या कानाला केव्हाच कळत होता, अडत होती ती जीभ. ऐकून ओळखण्याच्या सरावात मी तीन रविवार उगाच घालवले होते. काय शिकवायची गरज नाही, हेही पळीभर चाखल्यावर कळतं.

या साधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कार्ड मुलाला बोलतं करत नाही आणि आपली शाळा तर बोलण्यासाठीच आहे. उच्चार, गोष्ट सांगणं, आजीशी फोनवर गप्पा, यांना चार पर्याय नसतात. अंदाजानं आलेलं बरोबर उत्तर ओळखता येत नाही, म्हणून महत्त्वाचा प्रश्न मी रूप बदलून दोनदा विचारते. काही व्यवहारी गोष्टीही आहेत. कार्डं जाड कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशन केलं तर दिव्याची तिरीप पडून कॅमेऱ्याला ती वाचता येत नाहीत. चित्रावर बोटं येऊ देऊ नयेत.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली या विषयावरच्या शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. अशा पारखीचा फायदा मागे पडलेल्या मुलांना विशेष होतो, असं त्यांना दिसलं. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटलं. मिळालेल्या उत्तरांप्रमाणे शिकवणं बदललं, तरच त्या मूल्यमापनाला आकारिक म्हणायचं. त्या दिवशी पाच बरोबर उत्तरं बघून मी ठरलेलाच धडा पुढे रेटला असता, तर कार्डं आणि कॅमेरा यांचा उपयोग शून्य होता. बहिणीच्या पाट्या त्यापेक्षा बऱ्या.

आपल्या मंडळांच्या शाळांत शिकवणारे बहुतेक माझ्यासारखेच, रविवारपुरते शिक्षक. वेळ दोन तासांचा, त्यातले पंधरा मिनिटं हजेरी आणि खाऊला जातात. त्यात आणखी एक साधन कशाला, असं वाटणं साहजिक आहे. साधन कुठलंही घ्या, नाहीतर पाट्या घ्या. पण येत्या रविवारी एकदा "समजलं का?" न विचारता, पावणेतीन म्हणजे किती, ते प्रत्येकाला विचारून बघा. पालकांनीही घरी विचारून बघायला हरकत नाही.

ती मुलगी आता वरच्या वर्गात गेली आहे. डोकं टेकून बसलेला तो मुलगा यंदा दर रविवारी कार्डं वाटायला मला मदत करतो. शनिवारी सकाळी घड्याळात पावणेआठ झाले, की माझं लक्ष अजूनही आपोआप फोनकडे जातं.