परवानगीचा बाजार

१९३५ साली ऑटो बेटमन नावाचा एक तरुण ज्यू ग्रंथपाल बर्लिन सोडून न्यूयॉर्कला गेला. तिथल्या सरकारी कलाग्रंथालयात तो दुर्मीळ पुस्तकांच्या विभागाचे काम पाहत असे. हिटलर सत्तेवर आल्यावर ती नोकरी गेली. निघताना त्याच्याबरोबर दोन ट्रंका होत्या. त्यांत दागदागिने नव्हते, चित्रे होती : जुन्या ग्रंथांतली, हस्तलिखितांतली, स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपून घेतलेली. पुढच्याच वर्षी त्याने या ट्रंकांच्या भांडवलावर 'बेटमन अर्काइव्ह' सुरू केले. वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, जाहिरातवाले त्याच्याकडे येऊन विचारू लागले, 'जुन्या काळचा दंतवैद्य आहे का? पहिली सायकल आहे का?' आणि बेटमन विषयवार लावलेल्या कार्डांमधून नेमके चित्र काढून देई.

यातली बहुतेक चित्रे त्याची नव्हती. कित्येकांवर कोणाचाच हक्क उरला नव्हता. तरी तो पैसे घेई आणि लोक आनंदाने देत. चित्र शोधून, जपून, वेळेवर हाती देण्याची ती मजुरी होती. पुढे अब्जावधी डॉलरचा झालेला हा धंदा मुळात या एका गोष्टीवर उभा आहे, आणि त्यातली बहुतेक भांडणेही इथूनच निघतात.

'स्टॉक फोटो' म्हणजे तयार फोटो. कुणी मागण्याआधीच काढून ठेवलेला, शिंप्याकडे माप न देता दुकानातून घेतलेल्या सदऱ्यासारखा. फरक एवढाच की सदरा विकत घेतला की तो आपला होतो. फोटोच्या बाबतीत मिळते ती फक्त वापरण्याची परवानगी. जुन्या पद्धतीत ही परवानगी फार बारकाईने मोजली जाई. फोटो कुठे छापणार, पाव पान की पूर्ण पान, मुखपृष्ठावर की आत, प्रती किती, कोणत्या देशात, किती महिने, यावर दर ठरे. एकच फोटो शाळेच्या पुस्तकाला थोडक्यात मिळे आणि साबणाच्या जाहिरातीला त्याच्या कित्येक पट महाग. आलेल्या पैशातला साधारण निम्मा वाटा छायाचित्रकाराचा असे. मूळ ट्रान्सपरन्सी कुरियरने पाठवली जाई आणि ती हरवली तर अमेरिकेत दीड हजार डॉलर भरपाई मागण्याचा प्रघात होता. आपल्याकडे मुंबईत जगदीश अग्रवाल यांनी १९८७ मध्ये 'दिनोदिया' ही संस्था याच पद्धतीवर सुरू केली.

या पद्धतीला पहिला धक्का सीडीने दिला. सिएटलच्या 'फोटोडिस्क'ने १९९१ पासून शेकडो फोटो एका तबकडीवर भरून विकायला काढले. एकदा पैसे द्या आणि हवे तितक्या वेळा वापरा. याला 'रॉयल्टी-फ्री' म्हणतात आणि या शब्दाने आपल्याकडे बराच घोटाळा केला आहे. अनेक संपादक, मुद्रक त्याचा अर्थ 'फुकट' असा घेतात. त्याचा खरा अर्थ, दर वापरामागे वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही, इतकाच. परवाना घ्यावाच लागतो आणि त्याला अटीही असतात.

नव्वदच्या दशकात दोन बड्या माणसांनी या धंद्यात उडी घेतली. तेलसम्राटाचा नातू मार्क गेटी याने जोनाथन क्लाइनबरोबर १९९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली आणि एकामागून एक चित्रसंस्था गिळल्या. फोटोडिस्कही त्यांतच गेली. दुसरे बिल गेट्स. त्यांच्या 'कॉर्बिस'ने १९९५ मध्येच बेटमनचा संग्रह घेतला. तोपर्यंत त्यात वृत्तसंस्थांचे फोटो मिळून एक कोटीहून अधिक चित्रे झाली होती. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते, चुरगळते आणि एकदा सुरू झालेली ही कूज थांबवता येत नाही, थंडीत फक्त मंदावता येते. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला तो सगळा संग्रह पेन्सिल्व्हेनियातल्या बॉयर्स इथल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली दोनशेहून अधिक फुटांवर, उणे वीस अंशांत नेऊन ठेवला. स्कॅन झालेली चित्रे तेव्हा एकूण संग्रहाच्या मानाने अगदी थोडी होती. न्यूयॉर्कमधले संशोधक हळहळले, कारण खोके उघडून चाळता चाळता अचानक काही सापडण्याची वाट बंद झाली. मला ही हळहळ पटते, पण खाणीचा निर्णयही पटतो. कोकणातल्या दमट हवेत स्टुडिओच्या माळ्यावर ठेवलेल्या निगेटिव्हचा डबा ज्याने कधी उघडला असेल, त्याला तो वास सांगावा लागणार नाही.

२०१६ मध्ये कॉर्बिसचा चित्रसंग्रह 'व्हिज्युअल चायना ग्रुप' या चिनी कंपनीला विकला गेला. चीनबाहेर तो वितरित करण्याचे हक्क गेटीला मिळाले. एप्रिल २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराचे पहिले चित्र पाहिले, तेव्हा याच चिनी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या चित्राच्याही परवान्याचा दावा दिसला. शास्त्रज्ञांनी ते श्रेयोल्लेखाच्या अटीवर सर्वांना खुले केले होते. लोक खवळले, मग कुणीतरी पाहिले तर चीनचा राष्ट्रध्वजही तिथे विक्रीला होता. कंपनीला माफी मागून संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले.

पण छायाचित्रकारांच्या पोटावर पाय आला तो वेगळ्या बाजूने. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टन याने २००० मध्ये 'आयस्टॉकफोटो' सुरू केले, तेव्हा ती चित्रकार मंडळींची फुकट देवघेव होती. खर्च भागेना, म्हणून फोटोमागे पाव डॉलर घ्यायला सुरुवात झाली. डिजिटल कॅमेरा आल्यावर रोल आणि धुलाईचा खर्च संपला. नोकरी सांभाळून फोटो काढणारे हौशी हजारोंनी आले. जिथे शंभर-दीडशे डॉलर पडत तिथे एका डॉलरात काम होऊ लागले. २००६ मध्ये गेटीने आयस्टॉक पाच कोटी डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी जेफ हाउ या पत्रकाराने 'क्राउडसोर्सिंग' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याच्या लेखातले पहिले उदाहरण आयस्टॉकचेच होते. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंजरने स्वतः काढलेल्या तीस हजार फोटोंवर २००३ मध्ये 'शटरस्टॉक' उभारले आणि मासिक वर्गणीची पद्धत आणली. खानावळीच्या महिन्यासारखे : वर्गणी भरा, हवे तेवढे घ्या. त्यात एकेका फोटोला किंमत अशी राहिलीच नाही. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने नवी दररचना आणली, तिच्यात एका डाउनलोडमागे छायाचित्रकाराचा किमान वाटा दहा सेंट झाला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसात रुपये. शिवाय वर्षभर मेहनत करून चढलेली पायरी दर १ जानेवारीला पुन्हा तळाला येणार. जगभरच्या अनेकांनी निषेध म्हणून आपले फोटो काढून घेतले. रचना बदलली नाही.

या बाजाराने फोटोही बदलला. ज्यात गाव ओळखू येते, ऋतू कळतो, माणूस 'अमुकच' वाटतो, तो फोटो कमी खपतो. कुठलाच नसलेला फोटो सर्वांना चालतो. म्हणून ती पांढरी पार्श्वभूमी, ते हस्तांदोलन, लॅपटॉपकडे पाहून हसणारी ती बाई. स्पेनच्या अँतोनियो गिएम याने २०१५ मध्ये काढलेला, प्रेयसीचा हात धरून दुसरीकडे वळून पाहणाऱ्या तरुणाचा फोटो याच जातीचा; तो पुढे जगभरच्या थट्टेचा विषय झाला, पण काढला होता विक्रीसाठीच. भारतीय चेहऱ्यांची चणचण ओळखून संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये 'इमेजेसबाझार' काढले, ते अशाच फोटोंची देशी आवृत्ती म्हणता येईल.

इथे एक भेद समजून घ्यायला हवा. पंढरीच्या वारीतल्या एखाद्या आजीचा फोटो बातमीसोबत किंवा लेखासोबत छापला तर तो 'संपादकीय' वापर. तोच फोटो विमा कंपनीच्या जाहिरातीत घालायचा तर या संस्था आजींची लेखी संमती मागतात. त्या संमतिपत्राला 'मॉडेल रिलीज' म्हणतात. व्यवहारात असे होते की वारीचे उत्तम फोटो संपादकीय खान्यात पडून राहतात आणि जाहिरातीसाठी स्टुडिओत भाड्याची नऊवारी नेसवून दुसरीच आजी उभी केली जाते. पैसे तिला मिळतात. हे कायद्याला धरून आहे. न्याय्य आहे का, हे मला ठरवता आलेले नाही.

हक्क सोडून देणाऱ्यांचे काय होते, हे कॅरल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकर्तीने पाहिले. तिने हजारो फोटो वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ला जनतेसाठी देऊन टाकले होते. एक दिवस तिच्याच संस्थेला, तिनेच काढलेला फोटो विनापरवाना वापरल्याबद्दल एकशेवीस डॉलर भरा, अशी 'अलामी' या चित्रसंस्थेच्या वतीने नोटीस आली. शोध घेतल्यावर गेटीकडेही तिचे अठरा हजारांहून अधिक फोटो विक्रीला असल्याचे आढळले. २०१६ मध्ये तिने एक अब्ज डॉलरचा दावा लावला. संघीय कायद्याखालची तिची मागणी न्यायालयाने फेटाळली. हक्क तिने स्वतःच सोडले होते. उरलेले प्रकरण तडजोडीने मिटले. जे सर्वांचे आहे ते विकायलाही कुणाला बंदी नाही. बेटमननेही तेच केले होते, पण त्याने कुणाला नोटीस पाठवून त्याच्याच चित्राचे पैसे मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

गेल्या काही वर्षांत विकली जाणारी वस्तू पुन्हा बदलली. आता गिऱ्हाईक छापण्यासाठी फोटो मागत नाही, यंत्राला शिकवण्यासाठी लाखोंनी मागते. शटरस्टॉक २०२१ पासून 'ओपनएआय'ला चित्रे पुरवते आहे. २०२३ मध्ये दोघांत सहा वर्षांचा करार जाहीर झाला. गेटीने उलट वाट धरली आणि २०२३ च्या सुरुवातीला 'स्टॅबिलिटी एआय'वर लंडनमध्ये आणि अमेरिकेत दावे लावले. त्या यंत्राने काढलेल्या काही चित्रांत गेटीच्या जलचिन्हाची वेडीवाकडी नक्कल उमटत होती. चोराच्या अंगावर घरमालकाचाच सदरा निघावा, तसे. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने जलचिन्हापुरता, तोही मर्यादित, निकाल गेटीच्या बाजूने दिला. शिकलेल्या यंत्रात मूळ चित्रांच्या प्रती साठवलेल्या नसतात, म्हणून स्वामित्वहक्काचा मुद्दा टिकला नाही. यंत्राला ब्रिटनमध्ये शिकवले गेल्याचा पुरावा नसल्याने मुख्य आरोप गेटीने आधीच मागे घेतला होता. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याची घोषणा केली होती.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो, हे फार थोड्या छायाचित्रकारांना माहीत असते. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. वृत्तपत्रातल्या नोकरदार छायाचित्रकाराच्या बाबतीत मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरताच. बाकीचे हक्क, करार वेगळा नसेल तर, छायाचित्रकाराचे. कलम १९ सांगते की हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ पर्यंत फोटोवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकत असे; त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो लेखक-चित्रकारांप्रमाणे हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे झाला.

आता तालुक्याच्या गावचा एखादा जुना स्टुडिओ घ्या. मुंजी, लग्ने, पहिल्या पगाराचा फोटो, शाळेचे वर्ग. हजारो निगेटिव्ह, नावानिशी आणि तारीखवार. अशी ओळखू येणारी गावे आणि माणसे तयार फोटोंच्या बाजारात जवळजवळ नाहीतच. उद्या यंत्र शिकवणाऱ्या कुणी तो डबा मागितला तर तो स्टुडिओवाल्याच्या ताब्यात आहे, पण कलम १७ प्रमाणे त्यातल्या बहुतेक फोटोंचा हक्क, दुसरा करार नसेल तर, त्या काळी पैसे मोजलेल्या कुटुंबांकडे जातो. त्यांच्यातल्या किती जणांकडे पावती उरली असेल?