यवतमाळ जिल्ह्यातील परिचर्या : शिक्षण, सेवा आणि संशोधनाचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक गावांना सरकारी आरोग्यसेवेचा पहिला चेहरा दिसतो तो परिचारिकेचा. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्या असा हा जिल्हा. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या कापूसपट्ट्यात कोलाम, गोंड, परधान आणि बंजारा वस्त्या विखुरल्या आहेत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलाम पोडावर किंवा बंजारा तांड्यावर आजारी पडलेला माणूस आधी गाठतो ती उपकेंद्रातली नर्सबाई. डॉक्टरांची बदली होते, पदे रिकामी राहतात, पण लसीकरण, बाळंतपण, तापाचे रक्तनमुने आणि रजिस्टर नर्सबाईच्या हातून सुटत नाहीत. ती काय शिकते, कोणत्या परिस्थितीत काम करते आणि त्यातून रुग्णाच्या पदरी काय पडते, यावर जिल्ह्यातील सेवेचा दर्जा ठरत आला आहे. या तीन प्रश्नांचा एकत्र अभ्यास मात्र फार उशिरा सुरू झाला.

आधुनिक परिचर्येचा जन्मच मोजदादीतून झाला. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूची कारणे आकड्यांत मांडली. जखमांपेक्षा रुग्णालयातील अस्वच्छतेने आणि साथींनी अधिक माणसे मारली, हे त्यांनी सिद्ध केले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांच्या आरोग्यावरील १८६३ च्या अहवालातही त्यांचा मोठा वाटा होता. त्या काळी यवतमाळ परिसरात बाळंतपण गावच्या सुईणीच्या हाती होते आणि दवाखाना म्हणजे ब्रिटिश अंमलातील तुरळक सरकारी सोय. वऱ्हाडातील या भागाचा जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई; १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले, स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले, तरी त्याचा लाभ वऱ्हाडाच्या या टोकापर्यंत पोचला नाही. १९०३ नंतर वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेल्याने इथल्या आरोग्यसेवेची दोरी मुंबईऐवजी नागपूरकडे होती.

ही पोकळी काही प्रमाणात मिशन रुग्णालयांनी भरली. यवतमाळ हे फ्री मेथडिस्ट मिशनचे महत्त्वाचे केंद्र होते आणि त्यांनी पांढरकवडा भागातील उमरी येथे रुग्णालय चालवले. मध्य भारतातील मिशन रुग्णालयांच्या परिचर्या शाळांसाठी मिड-इंडिया बोर्ड परीक्षा घेत असे. त्या काळातील शिक्षण शिस्त, स्वच्छता आणि रात्रपाळी यांवर उभे होते. विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डातील कामाचा मुख्य हात, ही पद्धतही तेव्हाच रूढ झाली आणि तिच्या खुणा आजच्या परिचर्या शाळांतही आढळतात.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाची परिस्थिती उघड केली. ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण समितीने नोंदवले आणि ५०० लोकांमागे एक हे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा झाला तेव्हा राज्यभर नोंदणी आणि शिक्षणाला एकच चौकट मिळाली. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, पुसद तालुक्यातील गहुलीचे.

खेड्यापुरता खरा बदल घडवला तो सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, या अभ्यासक्रमाने. १९५० च्या दशकात तो देशात सुरू झाला तेव्हा दोन वर्षांचा होता आणि त्याचा गाभा बाळंतपण आणि माता-बाल आरोग्य हा होता. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली आणि एएनएमचे काम एकदम पसरले. हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोग, लसीकरण, कुटुंबनियोजन असे सगळे तिच्याकडे आले. अभ्यासक्रम मात्र दीड वर्षावर आणला गेला. पुढे कित्येक वर्षांनी तो पुन्हा दोन वर्षांचा झाला. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष कागदावर नेटका वाटतो. यवतमाळच्या डोंगराळ तालुक्यांत तीन हजार लोक म्हणजे एकमेकांपासून कोसभर लांब असलेल्या अनेक वस्त्या, पावसाळ्यात तुटणारे नाले आणि एसटीची एखादीच फेरी.

या काळातील महाराष्ट्रावरचे सर्वांत बोलके संशोधन अदिती अय्यर आणि अमर जेसानी यांचे आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील एएनएमच्या अनुभवांवरील त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत सेवेचा दर्जा खालावला की नर्सबाई कामचुकार आहे, असा सरसकट निष्कर्ष निघत असे. या अभ्यासाने प्रश्नाची बाजू बदलली आणि दर्जाच्या आड काय येते, हे त्या बाईलाच विचारले. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे लक्ष्य, राहण्यासाठी असुरक्षित जागा, एकटीने करावा लागणारा प्रवास, गावातील पुढाऱ्यांचा त्रास, औषधांचा तुटवडा आणि वरिष्ठांची फक्त आकड्यांवर नजर, असे वास्तव समोर आले. १९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचे लक्ष्य रद्द केले. तरी रजिस्टरांचे ओझे तिच्या डोक्यावर राहिले आणि पुढे त्यात मोबाइलवरील ॲपची भर पडली. महाराष्ट्रातील परिचर्या संशोधनात हा अभ्यास मैलाचा दगड आहे. रुग्णाची काळजी आणि काळजी घेणारीची परिस्थिती या वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्याने पुराव्यानिशी मांडले.

जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. अध्यापन रुग्णालय आले की परिचारिकेच्या कामाचे स्वरूप बदलते. अतिदक्षता कक्ष, नवजात शिशू कक्ष, शस्त्रक्रियागृह यांना वेगवेगळी कौशल्ये लागतात. दर सकाळच्या राउंडला प्राध्यापक, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी येतात, पण चोवीस तास खाटेजवळ असते ती अधिपरिचारिका. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, शिवाय रजेसाठी राखीव मनुष्यबळ, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. शासकीय रुग्णालयांत एकेका सिस्टरकडे रात्रपाळीत अख्खा वॉर्ड असतो, हे विदर्भातील कुणाही रुग्णाच्या नातेवाइकाला ठाऊक आहे.

ही संख्या केवळ सोयीची बाब नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतील तीनशे रुग्णालयांवरच्या अभ्यासात तोच निष्कर्ष निघाला आणि त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले तर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटते. शिक्षण, काम आणि रुग्णाचा जीव यांची साखळी स्पष्टपणे जोडली गेली. अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये दर्जा मोजण्यासाठी व्यवस्था, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगे सांगितली होती. या अभ्यासांनी पहिल्या अंगापासून तिसऱ्यापर्यंतचा रस्ता दाखवला.

महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परिचर्येच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणाचा विस्तार झाला. विदर्भात नागपूर, वर्धा, सावंगी, सेवाग्राम इथे शिकण्याच्या वाटा खुल्या झाल्या. २००६ मध्ये पीएचडीसाठी राष्ट्रीय पातळीवरची सोय झाली. संशोधनाची संख्या वाढली, पण त्याचा साचाही पक्का झाला. एखाद्या विषयावर प्रश्नावली द्यायची, शिकवणीचा कार्यक्रम घ्यायचा, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि ज्ञानात वाढ झाली असे दाखवायचे, अशी एम.एस्सी.च्या प्रबंधांची ठरलेली वाट झाली. शीर्षकात ‘निवडक रुग्णालये’ असा उल्लेख असतो. त्यामुळे ते गाव, तो वॉर्ड, तिथली माणसे आणि तिथला आजार प्रबंधातून पुसले जातात. शिकवल्यावर गुण वाढतात, हे सिद्ध करायला फार संशोधन लागत नाही. वाढलेल्या ज्ञानाने जखमेतला संसर्ग कमी झाला का, बाळ वाचले का, औषधाची चूक टळली का, हे मोजायचे राहून जाते. यवतमाळसारख्या जिल्ह्याचे मोठे नुकसान इथेच झाले आहे.

विदर्भातील इतर जिल्ह्यांनी वेगळी वाट दाखवली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे हे त्या घरी जाऊन करत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ वर आला. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा पाया हाच अभ्यास आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर काम केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचारापर्यंत पोचलेल्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव गेलेल्या यवतमाळसाठी हे फार जवळचे संशोधन होते. राज्य शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशांनी घरोघरी जाऊन मानसिक ताण ओळखावा, अशी योजना होती आणि यवतमाळ त्या जिल्ह्यांपैकी एक होता.

२०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या परिचर्येची सर्वांत कठोर परीक्षा झाली. उंच वाढलेल्या कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले, जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले; फवारणीची साधने, कीटकनाशकांची मिश्रणे, विक्रेते यांवर खूप चर्चा झाली. वॉर्डातील कामाची चर्चा फारशी झाली नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेचा उपचार बहुतांशी परिचर्येचा असतो. रुग्णाचे विषाने माखलेले कपडे काढून अंग धुणे, घशातला स्राव सक्शनने काढत राहणे, काही मिनिटांच्या अंतराने ॲट्रोपिन देत फुप्फुसे कोरडी झाली का, नाडी किती, काखेत घाम आहे का हे तपासत राहणे, हे काम खाटेपासून हलू देत नाही. ॲट्रोपिन जास्त झाले तर रुग्ण भ्रमात जातो, ताप चढतो. कमी पडले तर श्वास बुडतो. एक ते चार दिवसांनी, रुग्ण सुधारला असे वाटत असतानाच, मानेचे स्नायू लुळे पडतात आणि त्याला उशीवरून डोके उचलता येत नाही. ही खूण आधी सिस्टरच्या लक्षात आली तर व्हेंटिलेटर वेळेत लागतो. बांगलादेशातील चितगावमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ॲट्रोपिनची मात्रा ठरावीक निरीक्षणांनुसार वाढवत नेल्याने मृत्यूचे प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. जुनेच औषध आणि जागरूक निरीक्षण एवढ्यावर हा फरक पडला.

पुढची घटना घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथील. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ लसीकरणात पाच वर्षांखालील बारा बालकांना लशीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे थेंब पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल केले गेले आणि ती बरी झाली. तीन आरोग्य कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. चूक गंभीर होती आणि जबाबदारी ठरवणे आवश्यक होते. पण रुग्णसुरक्षेचे गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधन याच्या पुढे जायला सांगते. दोन द्रव एकाच टेबलावर कसे आले, लस देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने कुपी पाहण्याची पद्धत होती का, कोविडच्या वर्षभराच्या थकव्यानंतर किती मनुष्यबळावर ते केंद्र चालले होते, हे प्रश्न निलंबनाच्या आदेशाने सुटत नाहीत. मार्च २०२० मध्ये दुबईहून परतलेल्या प्रवाशांपासून जिल्ह्यात कोविडचे रुग्ण सापडू लागले होते, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध राज्यात ज्या जिल्ह्यांत आधी लागले त्यांत यवतमाळ होते. या सर्व काळात वॉर्ड आणि उपकेंद्रे परिचारिकांनीच चालवली.

गेल्या दोन दशकांत कमावलेलेही थोडे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार महाराष्ट्रात संस्थात्मक बाळंतपणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेले. बाई रुग्णालयात पोचली. आता तिथे तिची काळजी कशी घेतली जाते हा प्रश्न आहे, आणि प्रसूतिकक्षाचा दर्जा तपासणारा ‘लक्ष्य’ उपक्रम २०१७ च्या अखेरीस त्यासाठीच आला. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंग झालेले तरुण-तरुणी येऊ लागले आहेत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, त्यात १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद आहे.

नव्या आयोगाने अभ्यासक्रम कितीही सुधारला तरी यवतमाळचे प्रश्न यवतमाळलाच मोजावे लागतील. फवारणीच्या हंगामातील विषबाधा, सर्पदंश, सिकलसेलचे रुग्ण, पांढरकवडा-झरी भागातील पाण्यातल्या फ्लोराइडने वाकलेली हाडे, कोलाम पोडावरची बाळंतपणे यांत परिचर्येमुळे नेमका काय फरक पडतो, याचे अभ्यास जिल्ह्यातील परिचारिकांनी स्वतः करावेत आणि ते मराठीतही प्रसिद्ध व्हावेत. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. पाठ्यनिर्देशिकांना वॉर्डात वेळ आणि अधिपरिचारिकांना संशोधनासाठी ड्युटीतून सवलत लागते. २०१७ च्या अतिदक्षता कक्षातील निरीक्षणाचे तक्ते, ॲट्रोपिनच्या नोंदी आणि केस पेपर हे या कामाचे पहिले साहित्य आहे. जिल्ह्यातील परिचर्या शिक्षकांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्यावेत आणि पुढचा प्रबंध त्यांवर करावा.