जुन्या प्रोजेक्टरचा रुसलेला आवाज

माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, पेढीच्या जुन्या वह्यांशेजारी, एखादा प्रोजेक्टर आणि फिल्मची चार-सहा रिळे आजही काही घरांत जपलेली आढळतात. त्यांत कोणाचा विवाहसोहळा असतो, कोणाच्या नव्या दुकानाचे उद्घाटन. क्वचित आजोबांचे चार शब्दही असतात. यंत्र लावले की चित्र दिसते, पण आवाज घरघरतो, थरथरतो किंवा येतच नाही. यंत्र भंगारात देण्यापूर्वी दोष ओळखणे हिताचे. कारण त्या आवाजाची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते.

मुळात आवाज आहे का?

प्रथम फिल्म उजेडासमोर धरावी. कडेला तपकिरी पट्टी असेल तर आवाज चुंबकीय. नागमोडी रेघ दिसली तर तो प्रकाशीय. दोन्ही नसल्यास चित्रण मूक आहे, यंत्राचा दोष नाही. सुपर ८ फिल्म १९६५ साली आली आणि तिच्यावर चित्रासोबत आवाज टिपणारे कॅमेरे १९७३ मध्ये. त्यापूर्वीची बहुतेक घरगुती चित्रणे मूकच आहेत.

घरघर आणि क्षीण आवाज

प्रकाशीय पद्धतीत एका लहान दिव्याचा प्रकाश बारीक फटीतून फिल्मच्या रेघेवर पडतो आणि पलीकडचा प्रकाशघट त्याचे विजेत रूपांतर करतो. गोंदियासारख्या भातगिरण्यांच्या गावी कोंड्याची बारीक धूळ व पावसाळ्याची ओल या वाटेत सहज बसते. आवाज दबका झाला तर आधी भिंग व फट मऊ कापडाने पुसावी. दिव्याची तार लोंबली असेल तर तो बदलावा. सतत एकसुरी घरघर असल्यास ध्वनिवर्धकातील जुने कपॅसिटर सुकलेले असण्याची शक्यता मोठी. हे काम मात्र जाणकारावर सोपवावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात वीज काढल्यावरही शेकडो व्होल्टचा धक्का बसू शकतो.

चुंबकीय यंत्रात फिल्म ज्या हेडवर घासत जाते, त्यावर साचलेली तपकिरी पूड हेच मंद आवाजाचे नेहमीचे कारण. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने हेड पुसावे. फिल्मला ते लावू नये.

थरथर आणि जड स्वर

सूर लाटेसारखा वरखाली होत असेल तर कडक झालेला रबरी पट्टा, घट्ट झालेले जुने ग्रीस किंवा मळलेला ड्रम तपासावा. सगळेच स्वर सारखे जड व संथ येत असतील, तर यंत्र कोठले ते पाहावे. अमेरिकेतून आणलेल्या काही यंत्रांच्या मोटरी तेथील ६० हर्ट्झवर बेतलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज ११० करता येते, पण आपल्याकडील ५० हर्ट्झ तसेच राहतात. मग सेकंदाला २४ ऐवजी सुमारे २० चित्रे सरकतात. अशा वेळी मोटरीची कप्पी बदलावी लागते.

ओठ आधी, शब्द नंतर

१६ मिमी फिल्मवर प्रकाशीय आवाज त्याच्या चित्रापेक्षा २६ चौकटी पुढे नोंदलेला असतो. सुपर ८ वर चुंबकीय आवाज १८ चौकटी पुढे. झरोका आणि ध्वनिभाग यांच्यामध्ये फिल्मचा जो सैल वळसा ठेवतात, तो लहानमोठा झाला की हे अंतर बिघडते आणि ओठ व शब्द जुळत नाहीत. फिल्म पुन्हा नीट ओवल्यास बहुतेक वेळा हा दोष जातो.

सर्वांत महत्त्वाचे

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ते रीळ यंत्रावर लावू नये. अॅसिटेट फिल्म कुजू लागली की आकसते. छिद्रे दात्यांशी जुळत नाहीत आणि ती फाटते. असे रीळ इतरांपासून वेगळे ठेवून आवाजासह डिजिटल प्रत करून घ्यावी. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून फिल्मचा ठेवा जपला जात आहे. तेथील भांडारांतही थंड व कोरडी हवा राखावी लागते. पत्र्याच्या छपराखालचा माळा त्याच्या नेमका उलट. तेव्हा रिळे आधी कोरड्या, सावलीच्या खोलीत उतरवावी, आणि यंत्राची परीक्षा घरच्या अनमोल रिळावर न करता एखाद्या टाकाऊ फिल्मवर करावी. यंत्राचे भाग पुन्हा मिळतील; आजोबांचा आवाज मिळणार नाही.